एका कान्याचा फरक

१

जेवणाची सुट्टी संपवून कारागीर छत्र्यांच्या कारखान्यात परतले, तेव्हा मालक दादा कापडाच्या टेबलाशेजारी फरशीवर उताणे पडलेले होते आणि त्यांची धाकटी बहीण त्यांच्या उशाशी बसली होती. ती रडत नव्हती, ओरडली नव्हती, कुणाला बोलवायलाही गेली नव्हती. तेवढं पुरे झालं. बघता बघता गल्लीत दोन तट पडले. एक म्हणाला, होणारं होतं ते झालं. दुसरा म्हणाला, त्या पांढऱ्या पायाच्या बाईनंच केलं.

फौजदारबाई गल्लीच्या तोंडापासून कारखान्याच्या दारापर्यंत आल्या, तेवढ्यात पहिलं वाक्य त्यांनी इतक्या तोंडांतून ऐकलं की त्यांचं डोकं सणकलं. या वाक्याशी त्यांचं जुनं वाकडं होतं. टाकीला झाकण नव्हतं, पोर बुडालं, होणारं होतं. वायर उघडी होती, माणूस चिकटला, होणारं होतं. सगळं आपलं आपोआप होतं, करणारा म्हणून कुणी नसतोच!

"पोटमाळ्यावरून पडले," हवालदार म्हणाला. "आत्यानं, म्हणजे त्यांच्या या बहिणीनं, आधीच सांगितलं होतं म्हणे. तिला पुढचं दिसतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं."

"मग गल्लीनं काय केलं?"

"काय करणार बाई? तिनं पाहिलेलं टळत नाही."

"म्हणजे वाट बघत बसले. वा!"

बाई प्रेताजवळ वाकल्या. दादांचा देह चांगला भरभक्कम. दोन्ही पायांत चपला जिथल्या तिथे. नाकाच्या दांडीवर चष्म्याच्या फ्रेमनं झालेली ताजी खोक होती. पण चष्मा डोळ्यांवर नव्हता. तो उजव्या मुठीत होता, एका भिंगाला तडा गेलेला. मान मोडली, पडल्या जागी संपले, असं डॉक्टर म्हणाले. वर पाहिलं तर पोटमाळ्याला कमरेइतका कठडा, आणि तो जागच्या जागी शाबूत.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "संध्याकाळपर्यंत मिटवून टाका. पडून मृत्यू. त्यांच्या जावईबापूंची बदली झालीय, उद्या सकाळी बायकोला घेऊन निघायचंय त्यांना. भला माणूस आहे, अडकवू नका. त्या बाईचा संशय असेल तर तिला आत घ्या. तिसरं काही उकरू नका."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तिसरं उकरायला लागल्या.

२

आत्या कारखान्यामागच्या खोलीत राहायची. दादांच्या लेकीची ती आत्या, म्हणून सगळ्या गल्लीची आत्या. काड्यांच्या टोकांना कापड टाचायचं काम तिचं. बाई आत गेल्या तेव्हाही तिच्या मांडीवर अर्धी छत्री होती आणि सुई चालूच होती.

"भाऊ गेला आणि तुम्ही टाके घालताय?"

"हात रिकामे ठेवले तर काय करतील याचा भरवसा नाही," आत्या म्हणाली. "बसा."

"काय पाहिलं होतंत?"

"दादाला पडलेला पाहिला होता."

"पोटमाळ्यावरून पडताना?"

"पडताना नाही हो. पडलेला. मला नुसतं चित्र दिसतं. त्याच्या आधीचं नाही, नंतरचं नाही, आवाज नाही. पडलेला म्हटलं, तर लोकांनी त्याचं पडणार करून टाकलं. मी किती तोंडांना हात लावू?"

"आणि ते चित्र कधी चुकत नाही?"

"कपाचा कान कुठल्या बाजूला होता, तेसुद्धा चुकत नाही. चुकावं म्हणून कमी धडपडले का मी? नवऱ्याला रस्त्यात पडलेला पाहिलं, म्हणून त्याला घरात कोंडलं. तो दार तोडून निघाला, उशीर झाला म्हणून पळत सुटला, आणि पळत होता म्हणूनच गाडीखाली आला. त्यानंतर मी कुणाला कोंडलं नाही." सुई क्षणभर थांबली. "लोकांना वाटतं हे वरदान आहे. अहो, डोळे बांधून चालणाऱ्याला खड्डा लागतो तेव्हा लागतो. मला तो आधी दिसतो आणि तरी त्यातच पाय घालावा लागतो."

बाईंना तिची दया आली, आणि दया आली की त्यांचा आवाज चढायचा. "दादांना सांगितलंत?"

"त्याला सगळं सांगितलं. आणि आणखी तिघांना. मागच्या दाराची किल्ली ज्यांच्याकडे आहे, जे केव्हाही आत येऊ शकतात, त्या तिघांना. भागीदार, कापडमास्तर आणि जावई."

"काय सांगितलंत?"

"ते त्यांना विचारा. एकेकट्याला गाठून विचारा."

"मी तुम्हाला विचारतेय!"

"मी काय पाहिलं ते नंतर," आत्या शांतपणे म्हणाली. "मी काय सांगितलं ते आधी. जा बाई, संध्याकाळ व्हायला वेळ लागत नाही."

बाई तणतणत बाहेर पडल्या. म्हातारी वेड पांघरतेय की आपल्याला कामाला लावतेय, हे त्यांना ठरवता येईना.

३

भागीदार गल्ल्यामागे बसून घाम पुसत होता. त्याला ही इमारत विकायची होती आणि दादा मानत नव्हते, हे त्यानं न विचारताच सांगून टाकलं. "भांडायचो आम्ही. रोज भांडायचो. दुरुस्तीला येणाऱ्या छत्र्यांवर किती दिवस काढणार? पण भांडण म्हणजे काही..." पुढचं त्यानं गिळलं.

"आत्या तुम्हाला काय म्हणाली होती?"

"म्हणाली, दादा फरशीवर पडलेला दिसला, डाव्या पायात चप्पल नव्हती. कुणाला बोलू नका म्हणाली." तो घुटमळला. "चपला तर दोन्ही पायांत होत्या, नाही का? वय झालं बिचारीचं. पहिल्यांदाच चुकली."

"आणि ऐकल्यावर तुम्ही काय केलंत?"

"मी? मी काय करणार? होणारं..."

"पुरे," बाई म्हणाल्या.

कापडमास्तर कात्रीशी चाळा करत उभा होता. नजर अधू झाल्यानं त्याचं कापड हल्ली तिरकं कापलं जायचं, आणि दादांनी आठवड्यापूर्वीच त्याला टेबलावरून उठवून मुठी बसवायच्या कामाला लावलं होतं. सगळ्यांदेखत. तो अपमान अजून त्याच्या चेहऱ्यावर होता.

"राग होता," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? आत्यानं मला सांगितलं की दादा पडलेत आणि छातीवर उघडी छत्री आहे. तेव्हापासून मी आत एकही छत्री उघडी राहू दिली नाही. कुणी वाळत घातली, मिटली. कुणी तपासायला उघडली, मिटली. कारागीर हसायचे, मास्तरांना मिटण्याचा रोग लागला म्हणायचे." त्यानं कात्री खाली ठेवली. "आज आलो, दादांना बघितलं, आणि छातीवर छत्री नव्हती. बाई, मला वाटलं, म्हणजे हे ते नव्हे! म्हणजे उठतील! मी हाकासुद्धा मारल्या त्यांना."

सबंध गल्लीत काहीतरी करून बघणारा एकच माणूस बाईंना भेटला होता, आणि त्यानं छत्र्या मिटल्या होत्या.

पण जिन्याकडे जाताना त्यांची पावलं मंदावली. एकाला चप्पल सांगितली, दुसऱ्याला छत्री. कपाचा कानही न चुकणारी बाई एकाच चित्रात दोनदा चुकली, आणि दोघांपाशी वेगवेगळी चुकली?

४

पोटमाळ्यावर कापडाचे गठ्ठे असायचे. आता तिथे एकही गठ्ठा नव्हता. भिंतींना ताजी सफेदी होती, कोपऱ्यात खाट, खाटेवर न वापरलेली चादर, खिडकीला छत्रीच्या निळ्या कापडाचा पडदा. पडद्याची शिवण पुरुषी हाताची, वेडीवाकडी, पण जीव लावून घातलेली. आणि दाराला नवीकोरी कडी.

कडी आतून होती.

बाईंनी ती दोनदा लावून काढून पाहिली. माल ठेवायच्या माळ्याला आतून कडी कोण लावतं? गठ्ठे काही घाबरत नाहीत. आतून कडी माणसाला लागते, आणि तीही बाहेरच्या कुणाचा धाक असलेल्या माणसाला.

मग त्या कठड्याकडे वळल्या. जाड फळ्या, लांब स्क्रू, सगळं काम नवं. खांदा लावून त्यांनी रेटा दिला. कठडा हूं की चूं करेना.

खालून भागीदार ओरडला, "दादांनीच केलाय तो! आत्यानं सांगितल्यावर लगेच. जीव वाचवायची धडपड, दुसरं काय!"

ते बाईंच्या गळी उतरेना. ज्याला वाचायचंय तो माळ्याचा जिनाच चढणार नाही. दादा रोज चढत होते, सफेदी करत होते, पडदा शिवत होते. मग एवढा दणकट कठडा कशासाठी? आणि एवढ्या दणकट कठड्यावरून एवढा जड माणूस नुसता तोल जाऊन खाली येतोच कसा?

त्यांनी पुन्हा एकदा फळीवर हात आपटला. आणि तो हात तसाच राहिला. दादांनी हा कठडा स्वतःला वाचवायला बांधलाच नव्हता. कुणालाही 'अपघात' म्हणता येऊ नये म्हणून बांधला होता.

५

दादांचं घर कारखान्याला लागूनच. पुढच्या खोलीत, तिथंच राहणारे जावईबापू इस्त्रीच्या कपड्यांत बसले होते आणि दादांची लेक भिंतीला टेकून उभी होती. तिला लहानपणापासून ठकी म्हणत. बसायला खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ती बसली नव्हती.

"विचारा, काय हवं ते विचारा," जावईबापू गोड आवाजात म्हणाले. "आमची ही फारशी बोलत नाही. मीच सांगतो तिच्या वतीनं."

"आत्यानं तुम्हाला काय सांगितलं होतं?"

"शब्दन् शब्द खरा ठरला हो! म्हणाल्या, दादा फरशीवर उताणे पडलेले, आणि चष्मा उजव्या मुठीत. अगदी तसंच झालं. माणसाच्या हातात काही नसतं, हेच खरं."

"कधी सांगितलं?"

"चांगले महिनाभर झाले असतील. इथेच, याच खोलीत."

बाई ठकीकडे वळल्या. "तुम्ही होता?"

ठकीनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी परवानगी दिल्यासारखी मान हलवली, मग ती म्हणाली, "चहा घेऊन आले होते. चष्म्याचं ऐकलं मी."

"आज प्रेताजवळ गेला होतात, जावईबापू?"

"छे! मला बघवतच नाही. दारातूनच परत फिरलो. हात कसला लावतोय!"

"बरं. वर एक खोली तयार केलीय दादांनी. कुणासाठी, काही कल्पना?"

"म्हाताऱ्या माणसाचे छंद," जावईबापू हसले.

"पडदा मात्र सुंदर शिवलाय," बाई सहज बोलल्यासारखं म्हणाल्या.

"निळा?" ठकीच्या तोंडून निघून गेलं.

जावईबापूंनी नुसती मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ठकी भिंतीला अशी चिकटली की जणू भिंतीच्या आत जागा शोधत होती. ती नजर आणि ते चिकटणं, दोन्ही रोजच्या सरावाची होती. बाईंच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. उद्या सकाळची तिकिटं काढलेली होती. लांबची बदली, अनोळखी गाव, आणि ज्याच्याकडे पळून यावं असा बाप आता फरशीवर.

"सगळे कारखान्यात या," त्या म्हणाल्या. "आत्ता."

६

कापडाच्या टेबलाभोवती पाचही जण उभे राहिले. आत्या अर्धी छत्री सोबत घेऊन आली होती.

"तुम्हाला चप्पल सांगितली," बाई भागीदाराला म्हणाल्या. मग मास्तरकडे वळल्या. "तुम्हाला छत्री. आणि जावईबापू, तुम्हाला चष्मा. एकच चित्र आणि तीन वर्णनं. आत्या, आता तुम्ही काय पाहिलंत ते सांगा."

"चपला दोन्ही पायांत," आत्या म्हणाली. "छातीवर काही नाही. चष्मा नाकावर."

"नाकावर?" भागीदार दचकला. "पण तो तर..."

"तिघांनाही खोटं सांगितलं," बाई म्हणाल्या. "प्रत्येकाला वेगळं. आत्या चुकत नाही, म्हणजे दादा पडले तेव्हा चष्मा नाकावरच होता. पडताना टेबलाच्या कडेवर तोंड आपटून झालेली नाकावरची खोक तेच सांगते, आणि चष्मा मुठीत असता तर ती झाली नसती. पडल्या जागी माणूस संपला, म्हणजे त्यानं स्वतः तो काढला नाही. मग काढला कुणी आणि मुठीत घातला कुणी? ज्याला आत्यानं चष्मा मुठीत सांगितला होता त्यानं. त्यानं खाली येऊन पाहिलं, तर चित्र जुळेना. तुम्हा सगळ्यांचा हिच्यावर केवढा विश्वास! चित्र जुळलं नाही तर लोक म्हणतील, हे ते ठरलेलं मरण नव्हे, मग हे कसलं? म्हणून त्यानं प्रेत दुरुस्त केलं. छत्रीची काडी सरळ करावी तसं."

"ही म्हातारी आत्ता रचतेय हे!" जावईबापू ओरडले. "मला तिनं असं काही सांगितलंच नव्हतं! मुठीतला चष्मा काय, सगळ्या गल्लीनं पाहिला!"

"सांगितलं होतं," कुणीतरी म्हणालं.

आवाज इतका बारीक होता, की ठकी बोलली हे कळायलाच सगळ्यांना वेळ लागला. ती नवऱ्याकडे बघत नव्हती. "माझ्यासमोर सांगितलं होतं. आज दुपारी तुम्ही घरी नव्हता. आणि बाबांनी मला विचारलं होतं, पडदा कुठल्या रंगाचा हवा."

"गप्प बस!"

"चष्म्याला हात लावला नाही म्हणालात," बाईंनी मध्येच अडवलं. "भिंगावर अंगठा उमटलाय. संध्याकाळपर्यंत कुणाचा ते कळेल. तेवढी वाट बघायची, की आत्ताच बोलायचं?"

जावईबापूंचा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी एकदम आत्याकडे बोट केलं. "म्हातारा मला म्हणाला, ठकी येणार नाही, इथंच राहील, कडी लावून. माझी बायको! पण मी नसतो तरी तो मेलाच असता! हिनं पाहिलं होतं ना? ठरलेलंच होतं! मी काय बदललं? सांगा ना, काय बदललं मी?"

फौजदारबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. इतक्या रागातही त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"तिनं पाहिलं म्हणून तू केलं नाहीस," त्या म्हणाल्या. "तू करणार होतास, म्हणून तिला ते दिसलं. तुझं पाप ती बिचारी महिनाभर आधीपासून बघत बसली होती."

७

हवालदार जावयाला घेऊन गेला. भागीदार आणि मास्तर बाहेर जाऊन बसले. मास्तर जाताजाता सवयीनं कोपऱ्यातली एक छत्री मिटून गेला.

"मला आधीच का नाही सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही म्हणाला असता, म्हातारी रचतेय. तो म्हणालाच की नाही? ते ज्याच्या त्याच्या तोंडून यायला हवं होतं." आत्यानं छत्री टेबलावर ठेवली. "युक्ती माझी नव्हे, दादाची. मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'चिंगे, चित्र बदलता येत नाही ना? मग आपण मथळा बदलू.' दोघं बसून खोटं रचत होतो. मास्तरसाठी उघडी छत्री त्यानंच सुचवली. म्हणाला, 'त्याला कामाला लावतो बघ,' आणि हसला. इतका हसला की ठसका लागला." तिनं छत्रीवरचा सुटा दोरा तोडला. "शेवटी मात्र म्हणाला, मारणारा जावई नसू दे. पोरीला दोन्ही बाजूंनी नको. आणि तसाच उठून कडी बसवायला गेला."

साहेबांचा फोन वाजला. बाईंनी तो उचलला, ऐकलं, आणि म्हणाल्या, "हो साहेब, मिटवलं. तुम्ही सांगितलं तसंच लिहितेय, फक्त एक काना जास्त पडलाय. 'पडून मृत्यू' नाही. 'पाडून मृत्यू'." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. "होणारं नव्हतं, साहेब. केलेलं होतं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ठकी कधी निघून गेली ते दोघींनाही कळलं नाही. लाकडी जिना करकरला. वर पावलं वाजली, खिडकीपाशी थांबली, पुन्हा दाराकडे आली. मग नव्या कडीचा आवाज आला. आतून लागल्याचा.

आत्या वर बघत राहिली.

"हेही पाहिलं होतंत?" बाईंनी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "हे मला दिसलंच नव्हतं."

आणि मग ती रडायला लागली.